माळवदावरची सात मिनिटं

वाचकांचे प्रश्न

पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी स्वतंत्र निर्मात्यांच्या लघुपटांचा आणि माहितीपटांचा दोन दिवसांचा महोत्सव ठेवला आहे. त्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली तीन निवडली. तिसऱ्या पत्राने मला दोन रात्री झोपू दिलं नाही, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : बाई, तुमचं सदर मी पहिल्यापासून वाचतो. इराणचे, जपानचे चित्रपट तुम्ही उलगडून सांगता, बरं वाटतं. पण आमच्या विचारांच्या माणसाला तुमच्या फिल्म सोसायट्यांमध्ये कधी जागा नव्हती. देव, देश, घर हे शब्द काढले की तुमच्यातले लोक हसायचे. आता आम्ही आमचा महोत्सव भरवला, तर तो म्हणे प्रचार. तुम्ही स्वतः कधी अशा महोत्सवाला गेला आहात का?
(निवृत्त पोस्टमास्तर, जालना)

उत्तर : गेले आहे. दोन वर्षांपूर्वी याच शहरात, एका कॉलेजच्या सभागृहात. डबा बांधून नेला होता आणि दोन्ही दिवस शेवटपर्यंत बसले.

पण आधी तुमची तक्रार. ती खरी आहे. ऐंशीच्या दशकात अंबाजोगाईला आम्ही दहा-बारा जण मिळून महिन्यातून एकदा चित्रपट दाखवायचो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून सोळा एमएमची रिळं पत्र्याच्या डब्यांत एसटीने यायची. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून अंधार करायचा. आमच्यात तहसीलमधले एक कारकून होते, भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका बैठकीत ते म्हणाले, ‘एकदा संत तुकाराम आणू या की.’ दोघं-तिघं हसले. मी हसले नाही, पण गप्प बसले. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. पुढे मे महिन्यात मी पुण्याला चित्रपट रसास्वादाच्या वर्गाला गेले, तर तिथे तोच चित्रपट शिकवायला होता. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा, १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. जिजाई हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते ते पाहताना मला त्या कारकुनांचा उतरलेला चेहरा दिसत होता. परत आल्यावर त्यांच्या घरी गेले. त्यांची बदली झाली होती. ती चूक माझ्याकडून दुरुस्त झाली नाही.

तेव्हा असे महोत्सव का निघतात ते मला कळतं. अमेरिकेत २००४ साली हेच झालं. हॉलिवूडमध्ये आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटणाऱ्या तिथल्या पुराणमतवादी मंडळींनी एकाच वर्षी डॅलसला आणि लॉस एंजेलिसला आपापले महोत्सव सुरू केले. आपल्याकडे संघविचारांच्या भारतीय चित्र साधनाचा चित्रभारती महोत्सव दर दोन वर्षांनी गाव बदलत भरतो : २०१६ला इंदूर, २०१८ला दिल्ली, २०२०ला अहमदाबाद, २०२२ला भोपाळ, २०२४ला पंचकुला. ज्याला पंक्तीत पान मिळत नाही तो आपली चूल मांडतो. त्यात वावगं काही नाही.

आता जे पाहिलं ते. दोन दिवसांत पंचवीस-एक फिल्म पाहिल्या. त्यातल्या बऱ्याचशा मला आवडल्या नाहीत, आणि त्याचं कारण विचार नव्हता. किल्ल्यावरून फिरणारा ड्रोन, मागे व्हायोलिन, वर भारदस्त आवाजातलं निवेदन. माणूस बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच निवेदक त्याचं वाक्य पूर्ण करतो. काय वाटायला हवं ते पहिल्याच मिनिटाला सांगून झाल्यावर प्रेक्षकाने उरलेली नऊ मिनिटं करायचं काय? हा दोष कुठल्या एका बाजूचा नाही. दुष्काळावरचे असे कितीतरी माहितीपट मी पाहिलेत, ज्यांत भेगाळलेल्या जमिनीला क्लोजअप होता आणि शेतकऱ्याला चेहरा नव्हता.

आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळेत, केज तालुक्यातल्या एका मुलाची नऊ मिनिटांची फिल्म लागली. एक म्हातारा मृदंग दुरुस्त करतो, बस्स. वादी ओढून ओढून त्याच्या करंगळीला कायमचा बाक आलेला. गठ्ठे ठोकतो, कान लावतो, पुन्हा ठोकतो. शाईचे थर एकावर एक घोटतो. शेवटी सून आतून परातीत कणकेचा गोळा आणून देते, तो तो डाव्या पुडीवर थापतो आणि पहिल्यांदा थाप मारतो. तो आवाज ऐकून दारातला नातू खेळायचा थांबतो. तिथे फिल्म संपते. परंपरेवर एक शब्द नाही. सभागृहातला प्रत्येक माणूस हलला होता. तुमच्या विचारांचा चित्रपट कसा असावा असं मला कुणी विचारलं तर मी ती फिल्म दाखवीन. तुम्ही आयोजकांपैकी कुणाला ओळखत असाल तर एवढंच सांगा की अशा मुलांना दुपारी दोनची वेळ देऊ नका.

प्रश्न : माझा सात मिनिटांचा लघुपट या महोत्सवात लागणार आहे. मोबाइलवर काढलाय. सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागेल का? फाइल कशी द्यायची?
(विद्यार्थी, लातूर)

उत्तर : १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे चित्रपट जाहीरपणे दाखवायला प्रमाणपत्र लागतं. महोत्सवासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते आणि ती आयोजकांनी मागायची असते. घेतली आहे ना, एवढं त्यांना विचार आणि उत्तर लेखी ठेव. फाइलचं म्हणशील तर आधी पडदा कुठला ते विचार. मल्टिप्लेक्सचा पडदा असेल तर डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, मागतील. कॉलेजचा हॉल असेल तर लॅपटॉपवरून एमपीफोर चालतं. मोबाइल बहुधा सेकंदाला तीस फ्रेमने चित्रण करतो, आणि तेही एकसारखं नसतं. डीसीपीला साधारण चोवीस लागतात. हे रूपांतर शेवटच्या रात्री करायला जाऊ नकोस, ओठ आणि आवाज यांची फारकत होते. परीक्षक बाहेरचे असतील, हिंदी उपशीर्षकं टाक. दोन पेन ड्राइव्ह ने, दोन वेगळ्या खिशांत.

प्रश्न : बाई, मी हदगाव तालुक्यातल्या खेड्यातली, नांदेडला एम.ए. करते. नाव छापू नका. मी माझ्या आजीवर बावीस मिनिटांचा माहितीपट केलाय. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे १९४८ला भारतीय फौजा निजामाच्या संस्थानात आल्या तेव्हा, आजी नऊ वर्षांची होती. पहिली पंधरा मिनिटं ती निजामाच्या बाजूच्या रझाकारांचं सांगते. कडब्याची गंज पेटवली, ज्वारीची पोती नेली, तिचा काका पैनगंगा उतरून वऱ्हाडात छावणीवर गेला तो परत आलाच नाही. शेवटची सात मिनिटं पोलीस ॲक्शननंतरची आहेत. गावातलं मुसलमान पिंजाऱ्याचं घर लोकांनी लुटलं, पिंजारी मारला गेला. त्याची बायको आणि तीन लेकरं आजीच्या वडिलांनी आमच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठीत, चार दिवस लपवली. आजीला माळवदावर मुगाच्या शेंगा राखायला बसवलं होतं. कुणी बघत नाही असं पाहून ती बळदाच्या भोकातून भाकरी खाली सोडायची. फिल्म या महोत्सवात निवडली गेली, पण नंतर फोन आला की स्लॉट पंधरा मिनिटांचा आहे, शेवटचा भाग काढा, विषय भरकटतो. इकडे माझा नाटकाचा ग्रुप म्हणतो, तिथे गेलीस तर आमच्यात येऊ नकोस. मी जाऊ का? आणि तो भाग कापू का? फिल्मची लिंक सोबत पाठवते.

उत्तर : लेकरा, जा. आणि ती सात मिनिटं कापू नकोस.

तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. एकोणिसाव्या मिनिटाला आजी भोक केवढं होतं ते दाखवते. दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल करते आणि मग बोलता बोलता तो गोल तसाच मांडीवर राहतो, तिला सोडायचं भान राहत नाही. खालून चाची, म्हणजे पिंजाऱ्याची बायको, म्हणायची, ‘रोटी नक्को माय, पानी छोड.’ मग वडिलांनी तांब्याला दोरी बांधून दिली, आणि तांब्या भिंतीला आपटून वाजू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळायला सांगितलं. एवढं सांगून आजी थांबते आणि तुला विचारते, ‘झालं का तुझं? काय काय विचारलालीस माय.’ मी एकोणतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की मुलांची भाषणं बसवून घ्यायची, ती मीच लिहून द्यायची. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा आल्या, १७ला निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला. माझं भाषण तिथे संपायचं. त्या तांब्याला गुंडाळलेलं फडकं माझ्या एकाही भाषणात आलं नाही, याचं मला या वयात वाईट वाटतंय.

आता तुझ्या पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल. तुझा नाटकाचा ग्रुप कदाचित ती पंधरा मिनिटं ऐकायला तयार नसेल. त्यांना सांग की ती खरी आहेत. कासिम रझवी लातूरला वकिली करणारा माणूस, म्हणजे आपल्याच गावांतून उभा राहिलेला, आणि त्याच्या रझाकारांनी आपल्या मुलखात जे केलं ते घराघरांत अजून सांगितलं जातं. त्यांनी मुसलमानांनाही सोडलं नाही. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबउल्ला खान निजामाच्या धोरणाविरुद्ध लिहायचे, त्यांना ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ठार मारलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर तुझ्या आजीच्या काकासारखी शेकडो पोरं हद्दीपलीकडच्या छावण्यांवर गेली. हे लपवणारा इतिहास मला चालत नाही.

आणि तुला फोन करणाऱ्यांना हे सांग. पोलीस ॲक्शननंतर नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं. त्यांनी हिंडून, माणसांशी बोलून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. नांदेड म्हणजे तुझाच. कित्येक दशकं हा अहवाल सामान्य माणसाला वाचायला मिळत नव्हता. त्याच अहवालात असंही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचे जीवही घालवले. म्हणजे तुझ्या पणजोबांचं बळद एकटं नव्हतं.

‘विषय भरकटतो’ म्हणणाऱ्याने फिल्म नीट पाहिलेली नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्याचा भाऊ नदी उतरून गेला आणि परत आला नाही, त्याच माणसाने पिंजाऱ्याच्या बायकोला घरात घेतलं. आठव्या मिनिटाला आजी सांगते की तिची आजी काकासाठी रात्रभर दारात दिवा ठेवायची. अठराव्या मिनिटाला चाची अंधारात त्याच दारातून आत येते. तू हे मुद्दाम जुळवलंस की आपोआप झालं, मला माहीत नाही. पण शेवट काढलास तर तो दिवाही विझतो. मग राहते ती रझाकारांनी गंज पेटवल्याची हकीकत, आणि ती त्या महोत्सवात आणखी चार फिल्मांत असेल.

आयोजकांना भांडणाच्या सुरात लिहू नकोस. त्यांच्याच शब्दांत लिही. थोरामोठ्यांच्या आठवणी जपायच्या, मातीतल्या माणसाचं ऐकायचं, असं ते म्हणतात, आणि त्यातले बरेच जण ते मनापासून म्हणतात, मी त्यांच्याबरोबर जेवले आहे. त्यांना लिही की या घरची आठवण अशी आहे, सबंध आहे, आणि सांगणारी बाई अजून जिवंत आहे. दारात आलेल्या बाईला परत लावायचं नाही, हे तुझ्या पणजोबांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ज्याला ते संस्कार म्हणतात तो हाच. पंधरा मिनिटांचा नियम खरोखरच सगळ्यांना सारखा असेल तर पंधरा मिनिटांची फिल्म तू स्वतः कर. कापायला भरपूर आहे. सुरुवातीचा बैलगाडीचा दीड मिनिटाचा शॉट काढ. पैनगंगेवरचा ड्रोन काढ. काकाच्या प्रसंगाखालचं व्हायोलिन तर आजच काढ, आजीचा आवाज त्याच्याखाली दबतोय. ज्वारीच्या पोत्यांचा हिशोब ती दोनदा सांगते, एकदा पुरे. दिवा ठेव, बळद ठेव, तांब्या ठेव. तरीही ते नाही म्हणाले तर फिल्म परत घे, आणि येत्या १७ सप्टेंबरला तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखव. प्रोजेक्टरची सोय मी करते.

दाखवली गेली तर प्रश्नोत्तरांत काय होऊ शकतं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी तिथे रझाकारांवरची एक फिल्म झाल्यावर मी उभी राहिले आणि सुंदरलाल समितीबद्दल विचारलं. मागून आवाज आला, ‘बाई, बसा.’ दिग्दर्शक मुलगा गोंधळला, सूत्रसंचालकाने वेळ संपली म्हणून सांगितलं. माझे पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू. बाहेर चहाच्या टेबलापाशी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा आले. महोत्सवाचेच जुने कार्यकर्ते, छातीला बिल्ला होता. म्हणाले, ‘आमच्या उदगीरकडंबी झालंय ते. आमच्या आईनं पाह्यलंय. आम्ही बोललालो नाही कुठं.’ उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. मग ते मला कितीतरी वेळ सांगत राहिले, माझी शेवटची एसटी गेली, आणि त्यांच्याच ओळखीच्या घरी मी रात्री मुक्काम केला. त्या सभागृहात असे आजोबा आणखी असतील. बाहेर राहून ते तुला भेटणार नाहीत.

तुझ्या ग्रुपचं मला सोपं करून सांगता येत नाही. तू गेलीस तर एखादी मैत्रीण खरंच तुटेल, आणि ते दुखेल. एक विचारते, त्यांनी तुझी फिल्म पाहिली आहे का? तुझ्या पत्रात तसं कुठे नाही. आधी त्यांना खोलीत बसवून पूर्ण बावीस मिनिटं दाखव, आणि मग सांग की माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसा, विरोध करायचा तर तिथे माईक घेऊन करा. येतील त्या येतील.

दोन गोष्टी मात्र महोत्सवाच्या आधी झाल्याच पाहिजेत. चाची आणि तिची तीन लेकरं चार दिवसांनंतर कुठे गेली, हे फिल्ममध्ये नाही. आजीला विचार. हदगावला गेली की हैदराबादला, नावं काय होती, नंतर कधी कुणी आलं का. कॅमेरा नको लावूस वाटलं तर, पण विचार. त्यांची नातवंडं कुठे तरी असतील आणि ही गोष्ट जितकी तुझी तितकी त्यांचीही आहे. सापडली तर त्यांची परवानगी घे, नाही सापडली तर पिंजाऱ्याचं नाव फिल्मच्या शेवटी लिही, त्याचं नाव आजीला नक्की आठवत असेल. दुसरं, आजीला स्पष्ट विचार की हे सगळं गावासमोर, परक्या माणसांसमोर सांगायला तिची ना नाही ना. ती नको म्हणाली तर माझं वरचं सगळं सोडून दे.

ती हो म्हणाली तर तिला बरोबर घेऊन जा. नांदेडहून सकाळच्या गाडीने निघा, एसटीने तिची कंबर धरेल. हॉल थंडगार करून ठेवतात, शाल घे. तिला ऐकायला कमी येत असेल तर डाव्या बाजूच्या स्पीकरजवळची खुर्ची धर, पहिली रांग नको. आणि आजच फोन करून विचार की सभागृहाला पायऱ्या किती आहेत.